हरवलेली वही आणि तिची कच्ची प्रत

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की आधी कीर्द, मग खतावणी. खतावणी नष्ट झाली तरी कीर्द शाबूत असेल तर सगळी खाती पुन्हा उभी करता येतात. हे तत्त्व लॅपटॉपलाही लागू पडते, असे मला वाटले नव्हते.

माझी परिव्यय लेखाशास्त्राची सर्व टिपणे ‘वननोट’च्या वहीत होती. ‘वनड्राइव्ह’ची फुकट मिळणारी ५ जीबी जागा भरली, म्हणून जुने फोल्डर पुसताना मी ती वहीही पुसली. रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहिली असती, पण शहाणपणा असा की तोही रिकामा केला. परीक्षा १२ दिवसांवर होती.

घरी येऊन लॅपटॉप उघडतो तो वही जागच्या जागी! आमच्या जोयडा तालुक्यात रानातल्या कितीतरी घरांत रेंज पोचत नाही. एरवी आपण त्याला नावे ठेवतो, त्या रात्री मात्र तेच बरे वाटले.

विंडोजवरील वननोट आपण लिहिलेले आधी संगणकातल्या ‘कॅशे’ नावाच्या कप्प्यात ठेवते आणि नेट मिळाले की इंटरनेटवरील वहीशी जुळवते. तेव्हा कॅशे ही आपली कीर्दच. घाबरून वही ‘क्लोज’ करू नये, खात्यातून बाहेर पडू नये, प्रोग्रॅम काढून पुन्हा घालू नये. न जुळलेली पाने फक्त त्या कप्प्यातच असतात. मी नेट बंद ठेवले आणि ‘फाईल’मधील ‘एक्स्पोर्ट’वरून अख्खी वही पॅकेज करून पेन ड्राइव्हवर उतरवली.

वही आधीच बंद केली असेल तर ‘फाईल’, ‘इन्फो’ आणि ‘ओपन बॅकअप्स’ या वाटेने जावे. तेथे प्रत्येक विभागाच्या तारखेसह जुन्या प्रती सापडतात. त्यांतील पाने नव्या वहीत नकलून घ्यावीत. मात्र या प्रतीही त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की कीर्दही गेली आणि तिची नक्कलही.

माझी शेवटची दोन पाने मिळाली नाहीत. ती कॉलेजच्या संगणकावर ब्राउझरमध्ये लिहिली होती, माझ्या लॅपटॉपवर कधी उतरलीच नव्हती. ती मैत्रिणीच्या शाईच्या वहीतून उतरवून घेतली.