‘तारण’ आणि ‘विसार’ : टिळकांच्या अभंगवाणीतील खात्रीचा प्रश्न

नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड आणि गोंदिया या स्थानकांवरून जातो. त्या काळी हा सारा पट्टा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. १८९३ च्या सुमारास याच मार्गावरील प्रवासात नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांच्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांच्या हाती बायबल दिले आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले, याचेच कौतुक बहुधा केले जाते. अभ्यासकाला मात्र निराळा प्रश्न पडावा : टिळकांना आपल्या तारणाची खात्री लाभली होती काय, आणि लाभली असल्यास त्यांच्या अभंगांतील अखंड आर्ततेची संगती कशी लावावयाची?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विशेष प्रकटीकरण झाल्यावाचून कोणासही आपल्या अंतिम तारणाची निर्भ्रांत खात्री बाळगता येत नाही, असा निर्णय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये दिला. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स याच परंपरेतील होत. नागपूर-भंडारा परिसरात कार्य करणाऱ्या स्कॉटिश फ्री चर्चची भूमिका वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रावर आधारलेली होती. त्याच्या अठराव्या प्रकरणात अशी खात्री शक्य मानली आहे. परंतु ती श्रद्धेचा अविभाज्य घटक नव्हे, खऱ्या श्रद्धावंतालाही तिच्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागते, असेही तेथे मान्य केले आहे. वेस्लीच्या अनुयायांना पवित्र आत्म्याची आंतरिक साक्ष पुरेशी वाटते. मात्र लाभलेली कृपा गमावताही येते, असे ते मानतात. दुसऱ्याच्या धर्मांतराविषयी वॉर्ड जितके निःशंक होते, तितके स्वतःच्या अंतिम गतीविषयी राहण्याची मुभा त्यांच्या पंथाने त्यांना दिलेली नव्हती, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मराठी भाषेने या वादात आपली भर घातली आहे. ‘तारण’ म्हणजे उद्धार. पण सावकारी व्यवहारात कर्जासाठी ठेवलेली वस्तूही तारणच. पहिल्या अर्थी ते मिळते, दुसऱ्या अर्थी ते ठेवावे लागते. इफिसकरांस पत्रात पवित्र आत्म्याला भावी वतनाची आगाऊ रक्कम म्हटले आहे. त्यासाठी मराठी बायबलात योजिलेला ‘विसार’ हा शब्द जमिनीच्या वा गुरांच्या सौद्यातील ‘इसार’च होय. इसार घेतला की सौदा बांधला जातो, तथापि ताबा अद्याप मिळालेला नसतो. खात्री आणि प्रतीक्षा यांना एकत्र नांदविणारा याहून समर्पक शब्द शोधून सापडणे कठीण.

टिळकांची अभंगवाणी नेमकी याच मधल्या अवस्थेत वावरते. ख्रिस्त जितका लाभावा तितकी त्याची ओढ वाढावी, हा तिचा स्थायी अनुभव आहे. ही ओढ म्हणजे संशय नव्हे. तुकारामांच्या अभंगांतही भेटीची तळमळ आणि पांडुरंगाविषयीचा निःशंक भाव शेजारी शेजारी आढळतात. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळकांनीच सांगितले आहे. ख्रिस्ताला माउली म्हणणाऱ्या कवीच्या दृष्टीने खात्री हा न्यायालयीन निवाडा उरत नाही. आईच्या कडेवरील लेकरू निवाडा मागत नाही. तथापि हे साम्य ताणून टिळकांना केवळ ख्रिस्ती वारकरी ठरविणे अयुक्त होईल. त्यांचा भरवसा स्वतःच्या भावावस्थेवर नसून क्रुसावर घडलेल्या, त्यांच्या मते ऐतिहासिक अशा कृतीवर आहे. भाव ओसरला तरी ती कृती अबाधित राहते, हा भेद महत्त्वाचा आहे.

याची कसोटी त्यांच्या घरातच लागली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधली वर्षे ताटातुटीची आणि सोवळ्या-ओवळ्याच्या यातनांची होती. ‘स्मृतिचित्रे’त हा काळ आला आहे तो सिद्धांताच्या भाषेत नव्हे, तर पाण्याच्या, स्वयंपाकाच्या आणि शिवाशिवीच्या तपशिलांतून. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. बाप्तिस्मा हीच तारणाची निर्णायक खूण आहे असे ते मानत असते, तर या भक्तांना दरबारात बसविण्याचे प्रयोजनच उरले नसते.