फरशी आपली, छत दुसऱ्याचे

उद्दिष्टे : हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• फरशी बदलण्यापूर्वी परवानगी का घ्यावी, हे सांगू शकाल;
• त्यासाठी औपचारिक अर्ज लिहू शकाल.

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जुन्या वाड्यात तळमजल्याची फरशी बदलताना घरमालकाचा होकार पुरेसा असे. बहुमजली इमारतीत मात्र एकाची जमीन हे दुसऱ्याचे छत असते. म्हणूनच उत्तर प्रदेशच्या २०१० च्या सदनिका कायद्यात सदनिकाधारकांच्या संघाची तरतूद आहे. महाराष्ट्राचा १९७० चा कायदाही इमारतीच्या सुरक्षिततेस बाधा आणणाऱ्या कामास मनाई करतो.

जुन्या फरशीवरच पाच सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा थर व दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट बसविला, तर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम भार वाढतो. दहा फूट बाय बारा फूट खोलीत तो दीड टनाहून अधिक होतो. निवासी खोलीतील माणसे व सामान यांचा भार भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम धरतात. या तुलनेत ही वाढ किती मोठी आहे, ते पाहा. स्नानगृहाची फरशी फोडताना जलरोधक थर फुटल्यास खालच्या घरात गळती होते, ती वेगळीच.

मुंबईतील घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील नूतनीकरणाशी ही दुर्घटना जोडली गेली. एका घरातील फेरबदल अनेक घरांच्या जिवावर बेतू शकतो.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. सचिव,
सदनिकाधारक संघ, वाराणसी.

विषय : फरशी बदलण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
मी सदनिका क्र. ३०२ चा मालक आहे. बैठकीच्या खोलीतील जुनी फरशी काढून तेथे दहा मिलिमीटर जाडीच्या टाइल्स बसविण्याचा माझा विचार आहे. खांब, तुळया व भिंती यांना धक्का लावला जाणार नाही. काम आठ दिवस, सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत चालेल. राडारोडा रोज हलविला जाईल. खालच्या सदनिकेचे नुकसान झाल्यास मी भरपाई देईन. अभियंत्याचा अभिप्राय सोबत जोडला आहे. कृपया लेखी परवानगी द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी व दिनांक)

वाराणसीत असा अर्ज हिंदीत लिहावा लागेल. मांडणी मात्र हीच राहील. तोंडी होकारावर काम सुरू करू नये. परवानगीची प्रत जपून ठेवावी.

पाठगत प्रश्न
१. जुन्या फरशीवर नवी फरशी बसविण्यात कोणता धोका आहे?
२. अर्जात शेजाऱ्यांच्या हिताची कोणती वाक्ये आली आहेत?
३. स्नानगृहाची फरशी बदलण्यासाठी अर्ज लिहा.