अंधुक धूमकेतूचे तेज

विर्टानेन हा धूमकेतू 5.4 वर्षांत सूर्याभोवती एक फेरी करतो. 16 डिसेंबर 2018 रोजी तो पृथ्वीपासून अवघ्या 1 कोटी 16 लक्ष किलोमीटरवर, कृत्तिका आणि रोहिणी यांच्यामध्ये होता. प्रत चौथीच्या आसपास असल्याचे ऐकून कोंढ्यातील मित्रमंडळींनी वर पाहिले, “काहीच तर दिसत नाही!” म्हणून ती परतली. तक्रार रास्तच होती. ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात असतो. धूमकेतूचा तेवढाच प्रकाश चंद्रबिंबाहून मोठ्या धूसर ठिगळावर पसरलेला होता.

मग मोजायचे कसे? दुर्बिणीतून धूमकेतू स्पष्ट पाहून त्याचे सरासरी तेज ध्यानात ठेवावे. नंतर फिरकी फिरवून जवळचे, प्रत ठाऊक असलेले तारे मुद्दाम पुसट करावेत, ते धूमकेतूएवढे फुगेपर्यंत. ही सिजविकची पद्धत. चंद्र मावळल्यावर, रात्री एकच्या सुमारास मी बांधावरून पाहिले. (तळ्यांवरचे धुके पहाटे घात करते.) 3.7 प्रतीचा तारा धूमकेतूहून बराच उजळ, 4.4 चा किंचित मंद. म्हणून नोंद केली 4.2. शेजारी वेळ, दुर्बिणीचा आकार आणि तुलनेचे तारेही लिहिले. एरवी त्या आकड्याची दुसऱ्या कोणाच्या नोंदीशी, किंवा पुढच्या फेरीशी, तुलनाच करता येत नाही. आणि धूमकेतूवरचे बर्फ किती झपाट्याने उडते आहे, हे अशा तुलनेतूनच कळते.