टपावरचं ओझं कुठे उतरतं

तुझ्या पिकअपवर कॅप बसली, आता तिच्या टपावर रॅक लावून कनू न्यायची म्हणतेस. जरूर ने. उन्हाळ्यात ग्रेलिंगला ऑ सेबल नदीवर जायचं असो की सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीचं सामान शाळेच्या हॉलवर पोचवायचं असो, असा ट्रक दारात हवाच. फक्त ड्रिल हातात घेण्याआधी आत्याच्या चार गोष्टी ऐकून घे.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एसटीच्या टपावर पोती, सायकली, लोखंडी ट्रंका चढताना बघत मी लहानाची मोठी झाले. त्या टपाखाली बसचा लोखंडी सांगाडा असायचा. तुझ्या कॅपखाली तसं काही नाही. फायबरग्लासची कॅप ट्रकच्या बेडवर पातेल्यावरच्या झाकणासारखी ठेवलेली असते. मध्ये फोमची पट्टी, आणि आतून धरून ठेवायला चार-सहा क्लॅम्प. म्हणून टपावर काहीही चढवण्याआधी त्याचं वजन कशाकशातून खाली उतरतं, ते मनात एकदा चालून बघ. सामानातून क्रॉसबारवर, बारमधून पायावर, पायातून टपावर, टपातून कॅपच्या भिंतींवर, भिंतींतून फोमच्या पट्टीवर, आणि मग कुठे ट्रकच्या बेडवर. यातली जी कडी सगळ्यात कच्ची, तेवढीच तुझ्या रॅकची ताकद.

दुकानदार तुला क्रॉसबारचा आकडा सांगेल. बऱ्याच बारवर तो 165 पौंड असतो. तो आकडा बारचा. कॅप किती पेलते ते कॅप बनवणारी कंपनी सांगते, आणि ते तिच्या कागदपत्रांत शोधावं लागतं. दोन्हींतला लहान आकडा धर आणि त्यातून रॅकचं स्वतःचं वजनही वजा कर. कागद सापडत नसतील तर मॉडेल नंबर सांगून कंपनीला फोन कर. अंदाजाने लादू नकोस. आकडा चालत्या गाडीचा आहे की उभ्या, तेही विचार. चालत्या गाडीत खड्ड्याचा दणका आणि ब्रेकचा झटका त्याच वजनाला कितीतरी जड करतात, म्हणून चालतीचा आकडा नेहमी कमी असतो.

दुसरा हिशेब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आहे. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, ते त्या स्टिकरवर लिहिलंय. कॅपही त्याच हिशेबात येते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. समजा स्टिकरवर 1400 पौंड आहेत. कॅपचे 200 गेले, रॅकचे 50 गेले, तुम्ही चौघं मिळून 500. राहिले 650. त्यात कूलर, तंबू, पाणी, कनू सगळं बसवायचं. जड ते खाली बेडमध्ये, पुढच्या बाजूला, केबिनला चिकटून. हलकं आणि लांब ते टपावर. सतरा फुटी ॲल्युमिनियमची कनू सत्तर-पंचाहत्तर पौंडांची असते. ती टपावर शोभते. पाण्याचे कॅन आणि जनरेटर तिथे नकोत. ट्रक मुळातच उंच, त्यात वजन वर गेलं की वळणावर तो कलतो.

आता बसवणं. कॅप मागवतानाच रॅकचे ट्रॅक कारखान्यात बसवून घेता येतात आणि तसं करणं उत्तम. तुझी कॅप आधीच आली आहे, म्हणजे ट्रॅक तुलाच लावायचे आहेत. टपावर रबरी पाय टेकवून आणि कडेला पकडी अडकवून उभा राहणारा रॅक कनूसाठी घेऊ नकोस. टपाच्या दोन्ही कडांना लांब ट्रॅक हवा. एका बिंदूवर पडणारं वजन तो लांबीभर पसरवतो. ट्रॅक जितका कडेला, म्हणजे भिंतीच्या जितका जवळ, तितकं टपाच्या मधल्या मऊ भागावर कमी येतं. बोल्ट आरपार हवेत, आणि आतल्या बाजूला प्रत्येक बोल्टखाली ॲल्युमिनियमची रुंद पट्टी. नुसत्या वॉशरवर भागवलंस तर फायबरग्लास हळूहळू चिरडत जातं.

भोक पाडायच्या जागी आधी मास्किंग टेप लाव. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरव, म्हणजे वरचा चकचकीत थर टवके उडून फुटत नाही. मास्क लावल्याशिवाय फायबरग्लासला ड्रिल लावायचं नाही, ती धूळ फुप्फुसात जायची नसते. भोकाभोवती आणि ट्रॅकखाली ब्युटिल टेप दाबून बसव. ती वर्षानुवर्षं लवचिक राहते. घरातल्या बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नकोस. काही कॅपांच्या टपात लाकडाचा किंवा कागदाचा गाभा असतो. एका भोकातून पाणी शिरलं की तो आतल्या आत कुजतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. बोल्ट स्टेनलेसचेच घे. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर जेवढं मीठ पडतं, त्यात साधा बोल्ट टिकत नाही.

कॅप बेडला धरून ठेवणारे क्लॅम्प सहसा कुणी बघत नाही. फोमची पट्टी दबत जाते, त्यामुळे नवी कॅप बसवल्यावर काही दिवसांतच ते सैल होतात. टपावर कनू आणि समोरून हायवेचा वारा, म्हणजे वारा कनूबरोबर आख्खी कॅपच वर उचलू बघतो. प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी आत वाकून ते सगळे हाताने हलवून बघ. पण पान्यावर जोर काढून आवळायचे नाहीत. 2015 पासूनच्या एफ-150 चा बेड ॲल्युमिनियमचा आहे, त्याची कड जास्त आवळल्याने वाकते.

तुला कुणीतरी नक्की सांगेल की लांब कनूसाठी एक बार केबिनच्या टपावर लाव आणि दुसरा कॅपवर, म्हणजे दोघांत भरपूर अंतर मिळतं. हे करू नकोस. पिकअपची केबिन आणि बेड एकाच चासीवर बसलेले असले, तरी ते दोन वेगळे डबे आहेत. खडबडीत रस्त्यावर चासी पीळ खाते आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना हलतात. केबिन आणि कॅपच्या मधल्या फटीकडे कच्च्या रस्त्यावर नीट बघ, दिसेल. दोन्हींवर घट्ट बांधलेली कनू हा पीळ स्वतःच्या अंगावर घेते. मग एक तर तिचं अंग दबतं, नाहीतर रॅकचा पाय उखडतो. दोन्ही बार कॅपवरच ठेव, एकमेकांपासून जमेल तितके लांब. साडेपाच फुटी बेडवर चारेक फूट अंतर मिळेल. त्याची भरपाई पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांनी करायची. कनूचं नाक केबिनवर तरंगतं राहू दे, पण केबिनचा टप आणि कनू यांच्यात दोन-तीन इंच मोकळे सोड.

बांधताना कनू उपडी, तिच्या कडा बारवर टेकलेल्या. पट्टे कॅम बकलचे घे. रॅचेटचा पट्टा एका हिसक्यात इतका आवळतो की कनूचं अंग चेपतं किंवा कॅपच्या टपावरच ताण येतो. पट्टे पॉलिएस्टरचे असावेत, कारण नायलॉन भिजलं की ताणतं आणि अर्ध्या वाटेत सैल पडतं. पट्टा बारभोवती घ्यायचा आणि रॅकच्या पायाच्या आतल्या बाजूने, कनूला अगदी चिकटून. पट्ट्याला एक पीळ दे, म्हणजे वाऱ्यात तो घूं घूं वाजत नाही. उरलेली शेपटं गुंडाळून बांध. पुढून बॉनेटखालच्या फाशांना दोन दोऱ्या, मागून हिचला एक. या दोऱ्या कुणालाही टाळू देऊ नकोस. पट्टा सुटला तर हायवेवर मागच्या गाडीतल्या माणसांना याच दोऱ्या वाचवतात. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांवर थांबून सगळं पुन्हा चाचपायचं, पाऊस लागला तर पुन्हा एकदा.

मागचं काचेचं दार विसरू नकोस. कनू मागे बाहेर आली की दार वर उघडताना तिला आपटतं, आणि हिचची दोरी बांधली की टेलगेट अडकतं. म्हणून आधी दार पूर्ण उघडून बघ, मगच कनूची जागा ठरव. रेनकोट, औषधांची पेटी, पोरांचा खाऊ पुढे केबिनमध्ये घे. सामान मागे 4 फूट किंवा त्याहून जास्त बाहेर आलं, तर मिशिगनमध्ये दिवसा लाल फडकं आणि रात्री लाल दिवा लावावाच लागतो.

गणपतीच्या दिवसांत ढोल आणि ताशे बेडमध्ये, कॅपच्या आत. त्यांच्या पानांना पाऊस लागता कामा नये. वर मंडपाचे पाइप आणि शिडी. पाइपांना वरून कितीही दाबलं तरी ते एकमेकांवर घसरतात, आणि जोरात ब्रेक मारला की पुढे सुटतात. त्यांची मोळी बांध. पट्टा मोळीभोवती दोन वेढे देऊन आवळ, मग बारला बांध. पुढच्या टोकांना जाड ताडपत्रीची पिशवी घालून ती पुढच्या दोरीला अडकव, म्हणजे एकही पाइप एकटा पुढे जाऊ शकत नाही. सगळे उत्साहात असतात, घाई असते, कुणीतरी ओरडतं, "चल चल, जवळच तर जायचंय!" ती पाच मिनिटं तू घेच. मंडळी थांबतील.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 65 मैलांवरून 75 वर गेलीस की कनूवरचा दाब जवळजवळ एक तृतीयांशाने वाढला. टपावर सामान असताना 65 पुरे. वर अप्पर पेनिन्सुलाला, पिक्चर्ड रॉक्सला जाताना मॅकिनॉचा पूल लागेल. 1957 सालचा तो पूल पाच मैलांचा, दोन सरोवरांच्या मधोमध, आणि तिथे वारा आडवा येतो. वारा वाढला की ताशी 20 मैलांची सूचना लागते. ती पाळ. आणखी वाढला की उंच गाड्यांना पुलाचे लोक स्वतः सोबत करून नेतात. तुझ्या टपावर कनू असेल तर पुलावर चढण्याआधीच संकोच न करता पुलाच्या लोकांना विचार. कधी तासभर थांबावं लागेल, मॅकिनॉ सिटीत जेवून घ्या.

उंचीचं म्हणशील तर कनूसकट एकदा मोजून तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेव. पार्किंगच्या इमारतींत आणि घरच्या गॅरेजमध्येच जास्त घात होतो.

टपावरच्या तंबूचं तू विचारलं होतंस. तंबूच दीडशे पौंडांच्या आसपास, वर झोपणारी माणसं. गाडी उभी असली तरी नुसती फायबरग्लासची कॅप ते रात्रभर पेलणार नाही. त्यासाठी कॅपच्या आत धातूची चौकट बसवावी लागते, जी क्रॉसबारचं वजन थेट बेडवर उतरवते. ती बसवायची तयारी असेल तरच तंबू घे.

वसंतात बर्फ गेला की टप धू आणि ट्रॅकच्या बोल्टांभोवती बोट फिरवून बघ. केसाएवढ्या बारीक रेषा दिसल्या, तर पेन्सिलीने त्यांच्या टोकाला खूण कर आणि तारीख लिही. पुढच्या प्रवासानंतर रेष खुणेपुढे गेलेली दिसली, तर त्या दिवसापासून रॅकवर काही चढवायचं नाही. आधी आतली चौकट.