बालगंधर्वांच्या तबकड्यांना बुरशी

प्रश्न : साताऱ्यातल्या जुन्या घरात आजोबांनी जमवलेल्या बालगंधर्वांच्या तबकड्या सापडल्या. बुरशी आली आहे. स्पिरिटने पुसू का?

उत्तर : स्पिरिट अजिबात नको! मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या लाखेच्या. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि खाचांबरोबर आवाजही जातो. साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मधला कागद कोरडा ठेवा. सावलीत वाळवून उभ्या ठेवा. वाजवताना एलपीची बारीक सुई चालणार नाही. या तबकड्यांच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद तेवढ्यात बसवावं लागे. ते बसवणं कान देऊन ऐकाच. तबकड्या भंगारात देऊ नका. त्यांचं ध्वनिमुद्रण करून घ्या.