वेशीचे दरवाजे कोण लावतो?

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 25:28, नहेम्या 13:15-22



नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाचं शेवटचं वचन आपल्याला माहीत आहे. ज्याचा स्वतःच्या आत्म्यावर ताबा नाही, त्याला तिथे तट पडलेल्या गावाची उपमा दिली आहे. मूळ इब्री शब्द ‘रूआह’. श्वास, वारा, आत्मा, सगळ्यांना तोच शब्द. म्हणजे आत उठणारं वादळ ज्याला थोपवता येत नाही, असा माणूस.

आपल्याकडे संयम म्हटलं की उपासतापास किंवा मन मारणं आठवतं. शलमोनाला मात्र गावाचा तट आठवतो. त्या काळी तट पडलेल्या गावात कोणीही, कधीही शिरायचं. शत्रू बलवान असायची गरजच नव्हती. साधा भुरटा चोरही पुरे.

यरुशलेमने हे भोगलं आहे. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने तट पाडले आणि पुढे सुमारे 140 वर्षं ते नीट उभे राहिले नाहीत. मग राजाचा प्यालेबरदार नहेम्या शूशनहून आला आणि 52 दिवसांत तट पूर्ण झाला (6:15). आपली बहुतेक प्रवचनं इथेच थांबतात. मला मात्र आज तेराव्या अध्यायावर बोलायचं आहे, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

नहेम्या काही काळ राजाकडे परत गेला होता. पुन्हा यरुशलेमेत आला तेव्हा काय दिसलं? तट शाबूत. एक दगड हललेला नाही. आणि तरी शब्बाथ दिवशी गाढवांवर लादून द्राक्षं, अंजीर, धान्य गावात येतंय, सोरचे व्यापारी मासे विकतायत, लोक घेतायत. कोणी तट फोडून आलं नव्हतं. दरवाजे उघडे होते, एवढंच.

आपलंही असंच असतं ना? बाप्तिस्मा झालाय, रविवारची उपासना चुकत नाही, बायबल उशाशी आहे. तट आहे. पण रात्री अकरानंतर मोबाईलचा दरवाजा सताड उघडा. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी टोचून बोललं की उत्तर लगेच तयार, तोंडाला दरवाजाच नाही. असल्या वेळी सैतानाला तट फोडायची मेहनत कशाला करावी लागेल?

नहेम्याने काय केलं ते बारकाईने वाचा. मासे विकणाऱ्यांना तो आधी बोललाच नाही. आधी यहूदाच्या सरदारांना धारेवर धरलं, म्हणजे आपल्याच माणसांना. गिऱ्हाईक आत आहे म्हणून विकणारा बाहेरून येतो, हे त्याला कळत होतं. आपण उलट करतो. काळ वाईट आला, मोबाईल वाईट, मित्र वाईट असं म्हणतो. आतल्या गिऱ्हाइकाला कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. शब्बाथ सुरू होण्यापूर्वी, वेशींवर सावली पडू लागली तेव्हाच त्याने दरवाजे लावायला सांगितले. बाजार भरल्यावर नाही. राग डोक्यात गेल्यावर संयम शोधणं म्हणजे भरल्या बाजारात दरवाजा लावायला जाणं. मी घरी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. यात अध्यात्म फारसं नाही, सोय आहे. पण हात पोचत नाही तिथे मोहही जरा दमतो.

आणि मग ते व्यापारी! दरवाजा बंद दिसला म्हणून ते लगेच घरी गेले नाहीत. एकदोनदा तटाबाहेरच मुक्काम ठोकला. हे मला फार खरं वाटतं. तुम्ही एखादी सवय सोडता आणि दोन दिवस ती दाराबाहेर बसूनच असते. तेवढ्यावरून ‘माझ्यात काही बदल झालाच नाही’ असं समजू नका. ती बाहेर आहे, आत नाही. नहेम्याने त्यांना दम दिला आणि ते शब्बाथ दिवशी पुन्हा आले नाहीत.

याच नहेम्याने त्याच अध्यायात पुढे काही लोकांचे केस उपटले आहेत (13:25)! मी ते वाचताना दरवेळी अडखळते. पाचव्या अध्यायात राग आल्यावर हा माणूस आधी मनाशी विचार करतो आणि मगच बोलतो. इथे त्याचा हात उठतो. दोन्ही लिहून ठेवलंय. गावाचे दरवाजे राखणाऱ्यालाही स्वतःचा दरवाजा रोज राखावा लागतो.

म्हणूनच पौल गलतीकरांना लिहिताना आत्म्याच्या फळात संयमाला जागा देतो. फळ हातोड्याने घडवत नाहीत, ते झाडावर येतं. आणि नुसतं रिकामं ठेवूनही भागत नाही. झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, असं प्रभू येशूनेच सांगितलंय (लूक 11). नहेम्यानेही दरवाजे बंद केले ते आत शब्बाथ पाळला जावा म्हणून. देवाबरोबर विसावा मिळावा म्हणून.

आज रात्री नहेम्याचा तेरावा अध्याय वाचा आणि तुमचा कोणता दरवाजा उघडा राहतो, त्याचं नाव एका कागदावर लिहा. कोणाला दाखवू नका.

प्रार्थना : प्रभू येशू, सावल्या लांब व्हायच्या आत मला जागं कर. माझ्या ओठांवर, डोळ्यांवर तूच पहारेकरी ठेव. बाहेर मुक्काम ठोकून बसलेल्यांना मी आत बोलावू नये म्हणून तू माझ्यासोबत आत राहा. आमेन.