सायकलवरून खाली उतरा

साताऱ्यात माझी शाळा आणि कॉलेज दोन्ही सायकलवरच झालं. त्यामुळे कुत्री मागे लागली की काय करायचं, हे मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. जोरात पायडल मारायचं आणि अगदीच अंगाशी आलं तर लाथ उगारायची. अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सायकल घेतली, तेव्हाही डोक्यात हेच होतं.

जानेवारीतला शनिवार होता. पहाटे साडेपाचची वेळ. आमच्या वस्तीतले व्हिला संपले की मोकळे प्लॉट लागतात, तिथे एका बांधकामाभोवती पत्रे ठोकलेले होते. उरलंसुरलं खाणं मिळतं म्हणून अशा जागी कुत्री मुक्काम करतात आणि ती जागा राखतातही. पत्र्यामागून तीन कुत्री निघाली. मी वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. लाथ मारायला डावा पाय उचलला, हँडल वळलं आणि कडेला साचलेल्या वाळूवर पुढचं चाक घसरलं. कोपर, गुडघा सोलवटून निघाले. चाकं थांबली तशी दोन कुत्री जागीच थांबली. तिसऱ्याने तोवर पोटरीला दात लावला होता.

ती दोन का थांबली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कुत्रं पळणाऱ्या वस्तूच्या मागे लागतं. थोड्या अंतरापुरतं धडधाकट कुत्रं ताशी ३० किलोमीटरच्या पुढे सहज जातं, तेव्हा पळून सुटायचा हिशेब मुळातच चुकतो. आता मी दुरून कुत्री दिसली की वेग कमी करतो, खाली उतरतो, सायकल त्यांच्या आणि माझ्या मध्ये धरतो. डोळ्याला डोळा भिडवत नाही, पाठही फिरवत नाही. एकदाच खणखणीत आवाजात ‘हट्’ म्हणतो आणि चालत पुढे जातो. त्यांची जागा संपली की ती आपोआप मागे फिरतात.

पण माझी मोठी चूक घरी आल्यावरची होती. पोटरीवर दोन बारीक खुणा होत्या, रक्ताचा जेमतेम एक थेंब. मी हळद दाबून कामावर गेलो. बायकोला संध्याकाळी कळलं. “अहो, पिसाळलेलं असलं तर?” एवढंच ती म्हणाली आणि तिनेच मला ताबडतोब दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, साबणाने धुतलं का? धुतलं नव्हतं. चावा असो की ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, हा पहिला उपचार आणि तो घरीच करायचा असतो. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी लस. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही देतात. पुढच्या डोसांच्या तारखा डॉक्टर देतील तशाच पाळायच्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर उपचार घेतला तर हा आजार टाळता येतो. मी अख्खा दिवस वाया घालवला होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

उंटाची गोष्ट वेगळी. आम्ही काही जण गाडीला सायकली लावून अल वथबाच्या सायकल ट्रॅककडे जातो. त्या भागात उंटांच्या शर्यतींचं मैदान आहे, त्यामुळे पहाटे सरावाला निघालेले उंटांचे तांडे आजूबाजूला दिसतात. एकदा रस्ता ओलांडणाऱ्या तांड्याजवळ मी घंटी वाजवली. राखणारा धावत आला. “घंटी मत बजाओ भाई, बच्चा साथ में है.” आई बिथरली तर चारशे-पाचशे किलोचं जनावर कुठल्या बाजूला उसळेल याचा नेम नाही. शिवाय सायकलीचा हंगाम आणि उंटाच्या माजाचा हंगाम एकच, हिवाळा. नराच्या तोंडाला फेस आला असेल, तोंडातून लाल फुग्यासारखं काही लोंबत असेल, तर थेट मागे फिरा. एरवीही उतरायचं, लांब थांबायचं, दिव्याचा झोत डोळ्यांवर टाकायचा नाही, तांडा पूर्ण जाऊ द्यायचा. पिल्लाला हात लावायचा मोह आवरा. २०१२ साली सौदीत पहिल्यांदा ओळखला गेलेला मर्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू उंटांकडून माणसात येतो.

वस्तीच्या आत सगळ्यात जास्त सांभाळायचं ते मांजरांना. ती उभ्या गाड्यांखाली बसलेली असतात आणि नेमकी चाकासमोर उडी घेतात. गाड्यांच्या रांगेपासून हातभर अंतर ठेवा, बोटं ब्रेकवर ठेवा. वाळूत पंक्चर काढायला बसण्याआधी टॉर्च मारून बघा. शिंगवाला सापही इथल्याच वाळूत असतो.

आणि रोहित पक्षी! १९९८ साली राखीव झालेल्या अल वथबाच्या पाणथळीत ते अंडी घालतात. आपल्या भिगवणला ज्यांच्यासाठी माणसं पहाटे होड्यांत बसतात, तेच गुलाबी पंख इथे डोक्यावरून ओळीने जातात तेव्हा ऊर भरून येतो. जरूर बघा, पण सायकल थांबवून बघा. चालत्या सायकलवर मान वर गेली की चाक वाळूत जातं.

रुग्णवाहिकेचा नंबर ९९८, पोलिसांचा ९९९. दोन्ही पाठ असू द्या.

शेवटचं, आईवडिलांसाठी. आपली मुलं संध्याकाळी व्हिलांच्या गल्ल्यांतून सायकली फिरवतात, मांजरांशी, कुत्र्यांशी खेळतात. ओरखडा आला तरी ओरडा बसेल म्हणून लपवतात. आज जेवताना त्यांना जवळ घेऊन सांगा: काहीही चावलं, बोचकारलं, तर आम्ही रागावणार नाही. फक्त त्याच क्षणी घरी येऊन सांग.